मार्क ३ सुप्राचं हेड गॅसकेट: कोमेटिक एमएलएस घ्यावं की कंपोझिटवर भागवावं?

टोयोटा सुप्राच्या तिसऱ्या पिढीतलं ७एम-जीटीई हे इंजिन ताकदीसाठी जितकं ओळखलं जातं, तितकंच उडणाऱ्या हेड गॅसकेटसाठीही (ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील). एका रांगेत सहा सिलिंडर, ८३ मिमी बोअर, ९१ मिमी स्ट्रोक, २९५४ सीसी, बिडाचा ब्लॉक आणि वर अल्युमिनियमचं हेड. हेड धरून ठेवायला १४ बोल्ट आहेत आणि कंपनीच्या मॅन्युअलमधला टॉर्क आहे ५८ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ७८ न्यूटन-मीटर. खरी गोम इथेच आहे. टर्बोच्या इंजिनला, तेही मऊ कंपोझिट गॅसकेटवर, हा दाब कमी पडतो. अल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे इंजिन दर वेळी तापताना आणि निवताना हेड गॅसकेटवर किंचित घासतं. गॅसकेट दबत जातं, बोल्टचा ताण उतरतो आणि एके दिवशी सिलिंडरमधला गॅस पाण्याच्या वाटेत शिरतो. गाडी जपून चालवली तरी हे टळत नाही.

ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. ब्रिटन, न्यूझीलंड, अमेरिका किंवा आखातात राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी जुनी सुप्रा घेतली आहे, त्यांना मात्र कधी ना कधी गॅसकेट निवडावंच लागतं. बाजारात पर्याय तीन: मूळ धाटणीचं कंपोझिट, कोमेटिक किंवा एचकेएससारख्या कंपन्यांचं धातूचं, आणि तांब्याचं.

तांब्याचं आधी बाजूला काढू. ते फक्त ड्रॅग रेससाठी ठीक आहे. नीट सील व्हायचं तर ब्लॉकमध्ये किंवा हेडमध्ये खाचा पाडून तारेची ओ-रिंग बसवावी लागते, आणि एवढं करूनही कूलंट झिरपत राहतं. रोजच्या गाडीत त्याचं काम नाही.

कोमेटिकचं एमएलएस (मल्टी-लेयर स्टील) म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यांचे थर. बाहेरच्या थरांवर व्हिटॉन रबराचा लेप असतो आणि प्रत्येक सिलिंडरभोवती उठावाची कडा दाबलेली असते. ही कडा स्प्रिंगचं काम करते: हेड किंचित उचललं गेलं तरी मागोमाग उठून सील धरून ठेवते. कंपोझिटला हे जमत नाही, ते एकदा दबलं की दबलेलंच राहतं. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) वाढवलेल्या ७एमसाठी एमएलएसच घ्यावं, यात आम्हाला शंका नाही. पण एक अट आहे, आणि बसवलेल्या एमएलएस गॅसकेटांपैकी बरीचशी याच अटीपायी गळतात.

अट आहे पृष्ठभागाची. कोमेटिक ५० मायक्रोइंच आरए (खरखरीतपणाचं सरासरी माप) किंवा त्याहून गुळगुळीत फिनिश मागतं, म्हणजे १.२७ मायक्रॉनच्या आत. आमच्या मते ३० मायक्रोइंचापर्यंत जावं. कंपोझिट याच्या दुप्पट खरखरीत पृष्ठभागावरही आनंदाने बसतं, कारण त्याचा मऊ थर ओरखडे भरून काढतो. स्टीलवरचा रबराचा पातळ लेप ते करू शकत नाही. आता अडचण बघा. हेड काढून फेसिंगला (मशीनवर पृष्ठभाग सपाट करून घ्यायला) नेणं सोपं असतं, ब्लॉक मात्र गाडीतच राहतो. मग ब्लॉकचा माथा स्क्रेपरने खरवडून, पॉलिश पेपर मारून वर महागडं एमएलएस ठेवलं जातं. कंप्रेशन टिकतं, पण काही आठवड्यांत बाहेरच्या कडेने कूलंट पाझरू लागतं आणि दोष गॅसकेटवर येतो.

म्हणून निवड अशी करावी: ब्लॉक बाहेर काढून त्याचंही फेसिंग होणार असेल तर एमएलएस. ब्लॉक गाडीतच राहणार असेल आणि बूस्ट कंपनीइतकंच ठेवायचं असेल तर चांगलं कंपोझिट घ्या, नवे बोल्ट घ्या आणि टॉर्क ७२ फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे ९८ न्यूटन-मीटरच्या आसपास न्या. ७एम बांधणाऱ्यांमध्ये हा आकडा वर्षानुवर्षं रुळलेला आहे आणि तो चालतो. अर्धवट कामावर एमएलएस बसवणं हा सगळ्यात वाईट सौदा आहे.

मशीन शॉपला नुसतं ‘फेसिंग करून द्या’ म्हणू नका. ‘एमएलएससाठी, आरए ५० मायक्रोइंचाच्या आत’ असं लिहून द्या, आणि काम परत घेताना फिनिश मोजून दाखवायला सांगा. मायक्रोइंच आणि मायक्रॉन यांची गल्लत करणारी दुकानं कमी नाहीत. घरी आल्यावर अचूक पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून बघा, ०.०५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) खाली कुठेही शिरता कामा नये. फेसिंगच्या आधी हेडला तडे आहेत का, हे प्रेशर टेस्टने पाहून घ्या, विशेषतः व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या भागात. आणि अल्युमिनियम ऑक्साइडच्या गोल फिरत्या पॅडने ब्लॉक घासू नका. त्याची बारीक पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. जनरल मोटर्सने आपल्या मेकॅनिकांना याबद्दल लेखी ताकीद दिलेली आहे.

जाडी निवडताना अंदाज नको, हिशेब करा. कोमेटिक ७एमसाठी ८४ मिमी बोअरचं गॅसकेट वेगवेगळ्या जाडीत देतं. मूळ कंप्रेशन ८.४:१. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन सरकतो तेवढी जागा) साधारण ४९२ सीसी, म्हणजे चेंबरची एकूण जागा ६६.५ सीसी. गॅसकेट ०.३ मिमीने जाड घेतलं की सुमारे १.७ सीसी वाढते आणि कंप्रेशन ८.२ वर येतं. फरक किरकोळ आहे. तेव्हा जाड गॅसकेट घ्यायचं ते हेड-ब्लॉकमधून जेवढं घासून गेलं तेवढं भरून काढायला. कंप्रेशन पाडून नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) थांबवायचा तो उपाय नव्हे; गरजेपेक्षा जाड गॅसकेटने पिस्टन आणि हेडमधलं स्क्विश अंतर वाढतं आणि नॉकिंगची प्रवृत्ती उलट बळावू शकते. फेसिंग जास्त झालं असेल तर कॅम टायमिंगही (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) किंचित मागे सरकतं, ते अ‍ॅडजस्टेबल कॅम गिअरने जागेवर आणा.

एमएलएससोबत एआरपी कंपनीचे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) घ्या, इथे पैसे वाचवू नका. बोल्ट घट्ट करताना त्याला ताण आणि पीळ दोन्ही बसतात. स्टडवर नट फिरतो तेव्हा स्टडला जवळजवळ फक्त ताण मिळतो, म्हणून दाब सगळीकडे सारखा येतो. बसवण्यापूर्वी ब्लॉकची भोकं चेझरने (आटे न कापता साफ करणाऱ्या अवजाराने) साफ करा. टॅप वापरू नका, तो आटे कापतो. भोकात ऑइल किंवा कूलंट साचलेलं असेल तर हवेने उडवा, नाहीतर स्टड खाली जाताना द्रव दाबला जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. स्टड हाताने बसेल इतकाच घट्ट करा. वरचे आटे, वॉशरची वरची बाजू आणि नटाचा तळ यांना एआरपीचंच वंगण लावा. डब्यातल्या कागदावरचा टॉर्क त्या वंगणासाठी असतो. साधं इंजिन ऑइल लावून तोच आकडा गाठलात तर घर्षणापायी प्रत्यक्ष दाब कमी भरतो. मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंना, तीन समान टप्प्यांत टॉर्क द्या. हेड उघडताना उलट, बाहेरून मध्याकडे.

एमएलएसवर सिलिकॉन किंवा कसलंही स्प्रे सीलंट मारू नका, त्याचा लेप आधीच लावलेला असतो. गॅसकेट कोरडं ठेवून ऑइलचं आणि पाण्याचं प्रत्येक भोक जुळतंय ना, ते एकेक करून बघा. कंपोझिट असेल तर पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर कॅम कव्हर काढून एकेक बोल्ट पाव फेरा सैल करून पुन्हा टॉर्कवर आणा. एकाच वेळी सगळे सैल करायचे नाहीत.

हे सगळं करण्याआधी गॅसकेट खरंच गेलंय का आणि का गेलंय, ते ठरवा. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, चढताना तापमान वाढणं, सकाळी स्टार्ट करताना एक सिलिंडर अडखळणं, ही चिन्हं. रेडिएटरच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर धरला आणि निळा द्रव पिवळा झाला, की ज्वलनाचा गॅस पाण्यात येतोय हे नक्की. लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) कुठला सिलिंडर ते सांगते. काढलेलं गॅसकेट फेकू नका: दोन सिलिंडरच्या मध्ये कडा हळूहळू करपलेली दिसली तर बोल्टचा दाब कमी पडला, अग्निकडा (सिलिंडरभोवतीची धातूची रिंग) एका ठिकाणी फाटून बाहेर ढकलली गेली असेल आणि स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे-चंदेरी ठिपके असतील तर नॉकिंग झालंय. मग फ्यूएल पंप, इंजेक्टर आणि बूस्ट तपासल्याशिवाय नवं गॅसकेट बसवू नका. इंटेक मॅनिफोल्ड उतरलेलंच आहे, तेव्हा नॉक सेन्सरच्या वायरी बदलून टाका. वयाने त्या ठिसूळ होतात आणि ५२ नंबरचा दोष-कोड देतात.

टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची कॅप याच फेरीत नवी घ्या.

शेवटचं काम बहुतेक जण टाळतात. ऑइल दुधाळ झालं असेल तर कूलंटमधलं ग्लायकॉल रॉड बेअरिंगपर्यंत पोचलेलं असतं, आणि या इंजिनाची रॉड बेअरिंग तशीही नाजूक. जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडा. तांबूस चकचकीत कण दिसले तर संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून बेअरिंग बघितल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. कण नसतील तर स्वस्तातलं ऑइल भरून १५ मिनिटं आयडलवर चालवा, काढा, पुन्हा नवं ऑइल-फिल्टर घाला, आणि ५०० किलोमीटरवर तेही बदला. तोवर बूस्ट कंट्रोलरला हात लावायचा नाही.