दहा महिने, दोन हजार रुपये आणि अर्ध्या मिनिटाचा उशीर

व्यावसायिक ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या सामन्यांच्या निकालावर 'होय' किंवा 'नाही' विकत घेऊ देणारे एक अ‍ॅप मी ऑक्टोबर २०२४ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत वापरले. दोन्ही बाजूंच्या दरांची बेरीज १० रुपये, बरोबर ठरलेल्याला १० आणि चुकलेल्याला शून्य, हे गणित वाचकांना ठाऊक असेलच. म्हणून मी सरळ प्रक्षेपणाच्या उशिराकडे वळतो, कारण माझा सगळा मनस्ताप त्यातूनच झाला.

२ नोव्हेंबर २०२४ रोजी लंडनमध्ये लीग ऑफ लेजंड्स या सांघिक गेमच्या जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी मी जेवणाचे ताट बाजूला सारून तो पाहत होतो. टी-वन संघ १-२ असा मागे पडल्यावर त्यांचा 'होय' मी ३ रुपयांना घेतला, आणि पुढचे दोन्ही डाव जिंकून त्यांनी अजिंक्यपद राखले. दहा महिन्यांतले माझे शहाणपण एवढेच. परंतु चौथ्या डावात आणखी घ्यायला गेलो, तेव्हा पडद्यावर दोन्ही संघ निवांत फिरत असताना दर एकाएकी चढला आणि ज्या चकमकीमुळे तो चढला, ती मला जवळजवळ अर्ध्या मिनिटाने दिसली.

मी तक्रार नोंदवली. 'आपल्या इंटरनेटचा वेग तपासावा' असे उत्तर आले. वेग तपासून पुन्हा लिहिले, तर तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिण्याची माझी नोकरी असल्याने वहीची सवय आहे; मी चौदा सामने घड्याळ लावून पाहिले आणि दर हलल्याची वेळ एका रकान्यात, घटना दिसल्याची वेळ दुसऱ्या रकान्यात लिहिली. एकाही सामन्यात घटना दर हलण्याआधी दिसली नाही.

येथे मला माझे मत बदलावे लागले. हा उशीर अ‍ॅपचा नव्हता. प्रतिस्पर्धी कोठे दडला आहे हे एखाद्या प्रेक्षकाने खेळाडूला कळवू नये, म्हणून आयोजकच प्रक्षेपण मुद्दाम मागे ठेवतात, आणि ते योग्यच आहे. माझा राग राहिला तो एवढ्यासाठी की, सामन्याची माहिती थेट मिळणारे आणि माझ्यासारखे शिळे चित्र पाहणारे एकाच बाजारात बसवले जातात, पण त्याची एका ओळीचीही सूचना मला कोठे दिसली नाही. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये पेरलेला बॉम्ब ४० सेकंदांत फुटतो. मी तो पेरताना पाहून पेरणाऱ्या संघाचा 'होय' घेतो, तेव्हा तो निकामी झाला की फुटला हे विकणाऱ्याला बहुधा कळून चुकलेले असते. आमच्या सौद्यात गुळाचे रवे निदान सगळ्यांसमोर मांडलेले असतात आणि रंग व कण पाहूनच बोली लागते.

त्यानंतर मी सामना सुरू होण्यापूर्वीच माझ्या दराने मागणी नोंदवून ठेवू लागलो. नुकसान बरेच आटोक्यात आले. मजाही तेवढीच आटली, हे कबूल केले पाहिजे. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर उगमस्थानी कापण्याची तरतूद १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, पण तिचा मला काडीचाही त्रास झाला नाही, कारण निव्वळ असे काही मी जिंकलोच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. त्यात ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता आणि पैसे लावून खेळण्यावर बंदी, असे दोन्ही असल्याने सामने राहिले आणि हे अ‍ॅप बंद झाले. मी अ‍ॅपमध्ये भरलेल्या २,००० रुपयांपैकी १,३८५ रुपये आठवड्याभरात, कुरकुर न करता, बँकेत परत आले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. गेलेल्या ६१५ रुपयांपैकी ५४० रुपये सामना चालू असताना केलेल्या सौद्यांतले आहेत, हे वहीत स्पष्ट आहे. उशिराविषयीची माझी तिसरी तक्रार शेवटच्या दिवशीही 'विचाराधीन' होती.