बाईट, क्रॅश, सी-टी आणि आपलं डिजिट: पोतंभर कॉम्प्युटर मासिकं वाचून झाल्यावर

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडायचं म्हणजे स्वतःहून भट्टीत जायचं, म्हणून यंदा सुट्टीत पंख्याखाली बसून एकच उद्योग केला, जुनी कॉम्प्युटर मासिकं वाचली. काही रद्दीवाल्याकडून किलोवर उचललेली, काही मित्राच्या बहिणीने जर्मनीहून येताना बॅगेत कोंबून आणलेली, बाकी सगळी स्कॅन केलेली. आई रोज विचारायची, "हे पोतं कधी जाणार बाबा?"

मार्क द्यायची माझी पद्धत साधी आहे. मासिक समोर ठेवून हाताने काहीतरी करायचं आणि ते चालतंय का बघायचं. नुसतं वाचून भारी वाटलं याला मार्क नाहीत.

सुरुवात अमेरिकेच्या बाईटपासून, सप्टेंबर १९७५ ते जुलै १९९८. ऐंशीच्या दशकातले काही अंक पाचशे पानांच्या वर आहेत आणि त्यात जाहिराती ढीगभर, पण त्या पलटू नका, कुठली चिप कितीला मिळायची ते तिथेच कळतं. ऑगस्ट १९८१ चा स्मॉलटॉक या प्रोग्रामिंगच्या भाषेवरचा अंक, कव्हरवर रॉबर्ट टिनीने काढलेला रंगीत बलून, तो मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा अर्धा डोक्यावरून गेला. स्टीव्ह सियार्सियाचं हार्डवेअरचं सदर मात्र झकास, माणूस हातात सोल्डरिंग गन घेऊनच बोलतोय असं वाटतं. नवशिक्याने तिथून सुरू करू नये एवढंच.

त्याच देशातलं कॉम्प्यूट! मला जास्त पटलं, कारण त्यांनी वाचकाच्या बोटांवर अजिबात विश्वास ठेवला नाही. तेव्हा प्रोग्राम मासिकात छापून यायचा आणि तो आपण बघून बघून टाईप करायचा, मशीन लँग्वेजचा असेल तर नुसते आकडे, पानंच्या पानं, एक चुकला की बसा बोंबलत. यांनी १९८३ मध्ये एमएलएक्स नावाचा छोटा प्रोग्राम दिला: एका ओळीत सहा आकडे टाका, सातवा आकडा पडताळणीचा, जुळला नाही तर ओळ परत मारा. मी लॅपटॉपवर कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा एम्युलेटर, म्हणजे त्याची नक्कल करणारा प्रोग्राम, टाकून करून बघितलं, १६९ च्या जागी १९६ हाणलं आणि लगेच भोंगा वाजला. चाळीस वर्षांनी कुणीतरी कान धरला आणि मला बरं वाटलं, काय सांगू!

जर्मनीच्या ६४'एर या कमोडोरवाल्या मासिकातही तशीच सोय, पडताळणीचे आकडे छापील प्रोग्रामसोबतच छापलेले. पण जर्मनीचा खरा माल म्हणजे सी-टी. १९८३ पासून चालू आहे, हॅनोव्हरहून, अजूनही दर पंधरा दिवसांनी. जर्मन मला शून्य, मोबाईलचा कॅमेरा पानावर धरून भाषांतर करत वाचलं, मान आखडली पण वसूल झालं. त्यांचं एक सदर आहे, नावाचा अर्थ साधारण "सावधान, ग्राहक!" असा, गिऱ्हाईकाची तक्रार घेऊन कंपनीच्या मागे लागतात आणि नाव घेऊन छापतात. माझ्या लॅपटॉपचं वॉरंटी प्रकरण एका दुकानाने चार महिने लोंबकळत ठेवलं होतं, तेव्हा असं कुणीतरी पाठीशी पाहिजे होतं.

इंग्लंडचा कारभार वेगळाच. क्रॅश हे स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरचं मासिक १९८४ ला लडलो नावाच्या छोट्या गावातून निघालं, आणि गेमचे रिव्ह्यू करायला गावातल्याच शाळेतली पोरं! लिखाण टवाळ, मार्क टक्क्यांत. वाचायला एक नंबर, पण हाताला काम कमी. पुढे इंग्लंडनेच मॅगपाय काढलं, रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवाल्यांचं, डिसेंबर २०१५ च्या अंकाच्या कव्हरवर चक्क पाय झिरो हा कॉम्प्युटर चिकटवलेला. त्या अंकाची पीडीएफ फुकट मिळते, पीडीएफला अर्थात कॉम्प्युटर चिकटलेला नसतो. जपानचं बेसिक मॅगझिन मी फक्त चाळलं, वाचकांनी पाठवलेले प्रोग्रामच प्रोग्राम, भाषा येत नाही म्हणून मार्क देत नाही.

आता आपलं. डिजिट २००१ ला आलं तेव्हा आम्ही ते वाचायला घेतच नव्हतो, सीडीसाठी घ्यायचो, खरं ते खरं. घरी डायलअप, चांगल्या दिवशी सेकंदाला पाच केबी, म्हणजे एका सीडीच्या ६५० एमबीला सलग ३६ तास, त्यात फोन आला की खेळ खल्लास. पीसीक्वेस्ट या आपल्याच दुसऱ्या मासिकाच्या सीडीवर तर आख्खं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, मिळायचं, ते टाकताना मी पप्पांचं विंडोज उडवलं होतं. एकदा एका स्टॉलवरून आणलेल्या अंकातून सीडीच गायब होती, स्टॉलवाला म्हणतो "वरूनच अशी आली बे". इथे कुणी म्हणेल की परदेशी मासिकं शिकवत होती आणि आपली फुकट सॉफ्टवेअर वाटत होती, मला हे पटत नाही, आमच्या गावात तेव्हा ती सीडी म्हणजेच इंटरनेट होतं. पण सीडी काढून घेतल्यावर हातात जे उरायचं ते पातळच, मोबाईल आणि प्रिंटरच्या तुलना. डिजिटमधलं एजंट ००१ चं खरेदीचं सदर आणि सोबतच्या फास्ट ट्रॅक पुस्तिका तेवढ्या मी जपून ठेवल्यात.

माझ्या कसोटीला उतरलं ते इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू, १९६९ पासूनचं. पीसीबीचा, म्हणजे सर्किटच्या बोर्डवरच्या तांब्याच्या रेघांचा, नकाशा मूळ मापात छापतात, म्हणजे कार्बन पेपर ठेवून थेट तांब्याच्या बोर्डवर उतरवा, पेंटने रेघा भरा, फेरिक क्लोराईडमध्ये बुडवा, उघडं तांबं विरघळतं, झालं. कॉलेजात असताना मी हे कॉटवर बसून केलं आणि वाटी कलंडली. नव्या कोऱ्या सोलापुरी चादरीवर तांबूस डाग, अजून आहे, चादर पण आहे. सर्किट मात्र पहिल्या फटक्यात चाललं.

तर माझा क्रम: कॉम्प्यूट!, सी-टी, इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू, मग बाईट, मग बाकीचे. आज विकत घ्यायचं तर ओपन सोर्स फॉर यू बघा, जुनं लिनक्स फॉर यू तेच. आणि पीसीक्वेस्टचा लिनक्सवाला अंक सीडीसकट कुणाकडे असेल तर कळवा, जुळे सोलापूरपासून पार बाळ्यापर्यंत कुठेही येऊन नेतो, बदल्यात अर्धा किलो शेंगाचटणी पक्की.