कार्यशाळा करावी की बैठकांना बसावं?

रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार), पर्ससीनवाले (यांत्रिक होड्यांतून मोठ्या जाळ्याने मासे घेरून पकडणारे) आणि मासळी विकणाऱ्या बायका यांची एकत्र बैठक चालवायला देवगडच्या एका मैत्रिणीला शिकायचंय. निवासी कार्यशाळा करावी, की जाणत्या माणसासोबत बैठकांना बसावं, हे तिचं ठरत नाही.

खर्चाचं सरळ आहे. कार्यशाळेला फी आणि प्रवास. बैठकांना पैसा नाही, पण वेळ भरपूर.

कार्यशाळेत साधनं हाती येतात: गावनकाशा, हंगामाचं वेळापत्रक, चिठ्ठ्यांवरची मतं गटवार लावणं. सराव चुकला तरी कुणाचं नुकसान नाही. पण खरा राग तिथे नसतो. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी रापणकार आणि पर्ससीनवाल्यांचा वाद मिटला नाही. अशा बैठकीत आधी कुणाला बोलू द्यायचं, कधी थांबून दोन्ही बाजूंना वेगळं भेटायचं, हे बघूनच कळतं. मागे बसलेल्या बायका गप्प का, हेही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात उगाच नाही.

मात्र जाणता माणूस पुढाऱ्याकडे झुकणारा असेल, तर तीच सवय लागते. माणूस पारखूनच निवडावा.

संस्थेत नवी नोकरी आणि लगेच बैठका घ्यायच्या असतील, तर कार्यशाळा. गावातच राहून काम करायचं असेल, तर बैठका; पावसाळी मासेमारीबंदीत सुरुवात करावी, तेव्हा होड्या किनाऱ्यावर आणि माणसं घरी असतात.