रंग चोरणाऱ्यांच्या दोन कादंबऱ्या: आधी कोणती वाचावी?

एकच वाचायची असेल, तर नेला लार्सनची 'पासिंग' (१९२९) घ्या. जेम्स वेल्डन जॉन्सनची 'द ऑटोबायोग्राफी ऑफ अॅन एक्स-कलर्ड मॅन' (१९१२) आधीची आहे खरी, पण तिला धीर लागतो.

विषय एकच. एक थेंब काळं रक्त असलं तरी माणूस काळाच, असं मानणाऱ्या त्या काळच्या अमेरिकेत उजळ कातडीचे काही जण गोरे म्हणून खपून जातात. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ज्यांनी वाचलीय, त्यांना ही धास्ती ओळखीची वाटेल.

जॉन्सनच्या बिननावाच्या निवेदकाला आपण काळे आहोत हे लहानपणी ठाऊकच नसतं. मुख्याध्यापक वर्गात येऊन गोऱ्या मुलांना उभं राहायला सांगतात. हाही उठतो, तर बाई त्याला खाली बसवतात. पुढे न्यूयॉर्कचे रॅगटाइमचे (काळ्या वादकांच्या ठेकेदार पियानो-संगीताचे) अड्डे, पॅरिस, दक्षिणेतली खेडी. मधूनमधून वंशप्रश्नावर लांबलचक चर्चा येतात, तिथे कादंबरी सैल पडते. मात्र एका काळ्या माणसाला जमावानं जिवंत जाळलेलं तो पाहतो, ते प्रकरण चुकवू नका. त्याला गोरं व्हायला लावते ती भीतीपेक्षा लाज: ज्यांना जनावरापेक्षा वाईट वागवलं तरी कुणी जाब विचारत नाही, त्यांच्यातले आपण, याची. पुस्तक आधी निनावी निघालं. लेखकाचं नाव १९२७ मध्ये आलं.

'पासिंग' छोटी आहे, एका रविवारात संपते. शिकागोतल्या हॉटेलच्या गच्चीवर आयरीन गारेगार चहा घेत बसलीय. गोरी समजूनच तिला आत सोडलंय, आणि समोरची बाई टक लावून बघतेय. ती निघते बालमैत्रीण क्लेअर. क्लेअरचा नवरा काळ्यांचा द्वेष्टा. बायको सावळी होत चालली म्हणून तो तिला गमतीनं 'निग' (काळ्यांना दिल्या जाणाऱ्या शिवीचं लघुरूप) म्हणतो, ती खरंच काळी आहे हे न कळता. त्याच्यासमोर आयरीन, क्लेअर आणि त्यांची आणखी एक मैत्रीण अशा तिघी काळ्या बायका हसत सुटतात. इतकं अंगावर येणारं हसू मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

शिवाय सगळं आयरीनच्या नजरेतून दिसतं, आणि ती मत्सरानं पोखरलेली. तिच्यावर विश्वास किती ठेवायचा? जॉन्सनचा नायक आपण काय गमावलं ते स्वतःच सांगून टाकतो. लार्सन ते काम तुमच्यावर सोडते. शेवट सांगत नाही, पण वाचनकट्ट्यावर त्यावरून भांडणं नक्की.

संगीताची किंवा त्या काळाच्या समाजचित्राची ओढ असेल, तर मात्र जॉन्सनपासून सुरुवात करा. 'पासिंग'वरचा २०२१चा कृष्णधवल सिनेमा पुस्तकानंतरच बघा.