डिस्टोपियन कथालेखनाची एक ऑनलाइन कार्यशाळा : जग उभे राहते, कथानक अडते

डिस्टोपियन कथा, म्हणजे दडपशाहीच्या किंवा टंचाईच्या भयावह भविष्याच्या कथा, लिहू पाहणाऱ्यांसाठी मराठीतून चालणारी एक सशुल्क ऑनलाइन कार्यशाळा अलीकडेच पूर्ण केली. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगणार आहे तो दोष तिच्या एकटीचा नसावा.

वातावरणनिर्मितीची सत्रे मात्र उत्तम होती. उडत्या मोटारी आणि परग्रहावरच्या वसाहती मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावल्या आणि अभ्यासासाठी २०१६ सालचे लातूर घेतले. त्या वर्षी मार्चमध्ये तेथे पाण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ खाली जमावबंदी लागू झाली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वेगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली होती. तात्पुरता आदेश कधीच मागे घेतला गेला नाही असे धरून, तीस वर्षांनंतरचे शहर रचणे हा स्वाध्याय होता. टँकरची पाळी कोण लावतो, शिधापत्रिकेवर पाण्याचा रकाना कोण भरतो, सहा जणांचे कुटुंब हंडे-कळश्या घेऊन एकत्र निघाले तर तो गुन्हा ठरतो का, अशा प्रश्नांतून ते शहर घडत गेले. एका सहभागीने तर नळावर जाण्यासाठी घरातली माणसे दोन खोट्या कुटुंबांत विभागून दाखवली. त्या एका तपशिलात अख्खी कादंबरी दडलेली होती.

ती बाहेर काढण्याऐवजी पुढच्या सत्रात कथानकाचा छापील तक्ता हाती आला. नायकाला सत्य उमगते, भूमिगत बंडखोर भेटतात, राजवट कोसळते; रकाने भरा आणि पाठवा. माझ्या कथेतला पाणी-निरीक्षक स्वतःच्याच बहिणीची शिधापत्रिका तपासायला जातो, तर त्यावर एवढाच शेरा आला की बंडखोर फार उशिरा येतात. वास्तविक या प्रकारात कथानक नियमाच्या फटीतून जन्माला येते. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत नायक विन्स्टनच्या खोलीतला टेलिस्क्रीन, म्हणजे माणसांवर पाळत ठेवणारा पडदा, नेहमीच्या जागी नसतो, त्यामुळे एक कोनाडा त्याच्या नजरेआड राहतो. तेथे बसून तो रोजनिशी लिहू लागतो आणि त्याच्या अपराधाची सुरुवात होते. खोलीची रचना आणि घटना तेथे वेगळ्या काढताच येत नाहीत. शिवाय ती राजवट शेवटी कोसळतही नाही, म्हणजे या तक्त्यात ऑर्वेलही नापासच झाला असता!

शुल्क वाजवी आहे, सत्रांची ध्वनिचित्रमुद्रणे नंतर पाहता येतात आणि स्वाध्यायांवर लेखी अभिप्राय मिळतो, मग तो पटो वा न पटो. नवोदितांनी नाव जरूर नोंदवावे. फक्त तक्ता भरण्यात वेळ न दवडता आपल्या शहराचा एकच नियम निवडावा आणि तो कोणाला, कोणत्या दिवशी, कशासाठी मोडावा लागतो, हे लिहून तेच अभिप्रायासाठी पाठवावे.