ॲनिमेटरांच्या मासिक भेटी आणि ‘काम दाखवा’ सत्र : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी सहा वर्षे टूडी ॲनिमेशन करते. काम बहुतेक बँका, विमा आणि मोबाइल ॲपच्या माहितीपर व्हिडिओंचे असते. पात्राचे रिग, म्हणजे हलवता येणारा सांगाडा, तयार मिळते, हात-पाय आधीच जोडलेले असतात आणि पात्राने हसून अंगठा दाखवला की शॉट मंजूर होतो. या सहा वर्षांत माझे सॉफ्टवेअर पक्के झाले, पण माझी पात्रे चालताना तरंगतात हे मला कुणी सांगितले नाही, कारण सांगणारे कुणी आसपास नव्हतेच. म्हणून गेल्या ऑगस्टपासून मी दादरला महिन्यातून एका शनिवारी भरणाऱ्या ॲनिमेटरांच्या भेटीला जाऊ लागले. त्याच गटाची पंधरा दिवसांनी ऑनलाइन सत्रेही असतात. आता दहा महिने झाले आहेत. पुढे काही तक्रारी लिहायच्या असल्यामुळे गटाचे आणि माणसांचे नाव देत नाही. ज्यांना अशा भेटींना जावे की न जावे असा प्रश्न पडला आहे, त्यांना नावावाचूनही यातले पुरेसे कळेल.

दिवसाची रचना ठरलेली असते. सकाळी अकराला एखाद्या अनुभवी माणसाचे व्याख्यान, जेवणानंतर कुठल्या तरी स्टुडिओच्या कामाचे दर्शन आणि साडेतीनला ‘काम दाखवा’ सत्र, ज्यात कुणीही आपला शॉट पडद्यावर लावावा आणि ज्येष्ठांनी त्यावर बोलावे. प्रवेश दोनशे रुपये, त्यात दोन वेळचा चहा. पहिले तीन महिने मी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून जात होते आणि परतीलाही तीच मिळावी म्हणून दुपारी चारला उठत होते, कारण ती सीएसएमटीहून पाच दहाला सुटते. म्हणजे गटाचे जे खरे मोल आहे ते सुरू झाल्यावर अर्ध्या तासात मी दादर स्टेशनच्या पुलावर असायची. नोव्हेंबरमध्ये एका सहकाऱ्याने विचारले, ‘‘तू दर वेळी मंगलाष्टकं ऐकतेस आणि पंगतीच्या आधी का उठतेस?’’ त्या दिवशी थांबले. तेव्हापासून येताना दादरहून शिवनेरीने येते. तिकीट रेल्वेपेक्षा बरेच महाग पडते, पण या दहा महिन्यांत केलेल्या खर्चापैकी सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तोच आहे.

व्याख्यानांबद्दल थोडक्यात सांगते. दहापैकी चार चांगली होती, तीन बरी होती आणि तीन चक्क विक्रीची होती. एकदा तर ग्राफिक कार्डांच्या एका विक्रेत्याला पाऊण तास दिला गेला आणि प्रश्नोत्तरांना पाच मिनिटे उरली. सॉफ्टवेअरवरच्या व्याख्यानांचे आयुष्यही कमी असते. ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमधल्या ग्रीस पेन्सिल या चित्रे काढण्याच्या साधनावर डिसेंबरमध्ये घेतलेल्या माझ्या टिपणांपैकी बरीचशी नव्या आवृत्तीत मेनूच बदलल्याने निरुपयोगी झाली. ब्लेंडर फुकट आणि मुक्त स्रोत असल्याने त्याची अधिकृत माहिती घरबसल्या मिळते. त्यासाठी पुण्याहून येण्याची गरज नाही.

अपवाद ऑक्टोबरच्या भेटीचा. ती एरवीचा शनिवार सोडून २८ तारखेच्या जवळ ठेवली होती. हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन. १८९२ मध्ये त्या दिवशी एमिल रेनो यांनी पॅरिसच्या ग्रेव्हाँ संग्रहालयात हाताने रंगवलेल्या चित्रपट्ट्या पडद्यावर हलवून दाखवल्या, ल्युमिए बंधूंच्या सिनेमाच्या पहिल्या सशुल्क जाहीर खेळाच्या तीन वर्षे आधी. १९६० मध्ये आनसी येथे स्थापन झालेल्या असिफा या ॲनिमेटरांच्या जागतिक संघटनेने हा दिवस साजरा करायला सुरुवात केली. वक्ते तिथून आपल्याकडे वळले. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली होती आणि पुढे आगकाड्या हलवून त्यांचा खेळ पडद्यावर आणला होता, हे मला वरवर ठाऊक होते. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेच्या व्यंगपट (कार्टून) विभागाची हकीकत मात्र नवी होती. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी या विभागातल्या तरुणांना हाताशी धरून शिकवले. पुढच्याच वर्षी जातककथेवरचा एक लघुपट तयार झाला. पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेलेले राम मोहन याच विभागात घडले.

हे सगळे पाठ्यपुस्तकातले वाटेल, पण त्या दिवशी त्याला वेगळा अर्थ आला. आमच्या गटात एक ज्येष्ठ ॲनिमेटर आहेत. सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणतात. ऐंशीच्या दशकात जाहिरातींसाठी त्यांनी कागदावर काम केले. चहाच्या वेळी मी विचारले की तुम्ही कुठे शिकलात. त्यांनी कॉलेजचे नाव सांगितलेच नाही. ‘‘फिल्म्स डिव्हिजनमधून बाहेर पडलेल्या एका माणसाच्या हाताखाली,’’ एवढेच म्हणाले. त्या पिढीत ओळख सांगण्याची रीतच ती होती, कुणाच्या हाताखाली काम केले ती. आज पदव्या आहेत, कोर्स आहेत, आयआयटी मुंबईत आणि अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशनचे रीतसर शिक्षण आहे, पण माझ्यासारखे शेकडो जण ट्युटोरियल पाहून थेट नोकरीला लागतात, घरून काम करतात आणि कुणाच्या हाताखाली न जाता वरिष्ठ होतात. साडेतीनचे सत्र ही उणीव थोडीफार भरून काढते, आणि माझ्या दृष्टीने या भेटींचे एकमेव कारण तेच आहे.

नोव्हेंबरमध्ये मी स्वतःसाठी करत असलेला चार सेकंदांचा शॉट लावला. विहिरीवरून एक बाई पाण्याचा हंडा उचलून डोक्यावर घेते. सेकंदाला चोवीस फ्रेम आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम, म्हणजे चार सेकंदांना अठ्ठेचाळीस चित्रे. त्यातली चोवीस, पूर्ण दोन सेकंद, हंडा जमिनीवरून डोक्यापर्यंत जाण्यात गेली होती. रेषा स्वच्छ होत्या, पदराची हालचाल मला फार आवडली होती. शॉट तीनदा फिरला. मागच्या रांगेतून पार्श्वभूमी रंगवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘‘अगं, चुंबळ कुठाय?’’ सगळे हसले, मीही हसले. माझ्या बाईच्या डोक्यावर चुंबळच नव्हती, भरला हंडा थेट केसांवर टेकत होता. सर हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला पिण्याच्या पाण्याचा जार दाखवला. तो वीस लिटरचा जार तेव्हा निम्म्याहून थोडा अधिक भरलेला होता. म्हणाले, ‘‘उचल बघू.’’

पंधरा-वीस माणसांसमोर मी जार उचलला. आधी दोन्ही पाय रुंद करून उभी राहिले, खाली पाहिले, जार थोडा कलता करून अंदाज घेतला. मग तो मांडीपर्यंत आला आणि तिथे थांबला. मी थांबवला नव्हता, तो थांबलाच. श्वास घेऊन गुडघ्यांच्या झटक्याने छातीपर्यंत नेला. डोक्यावर नेण्याचा प्रश्नच नव्हता. सर एवढेच म्हणाले, ‘‘मांडीवर किती वेळ गेला आणि तिथून वर किती वेळ गेला, ते मोज. तुझा हंडा लिफ्टने वर जातोय.’’ त्यांनी मला सात मिनिटे दिली, कारण तेवढीच प्रत्येकाच्या वाट्याला येतात.

डिसेंबरच्या भेटीआधी मी घरी आईला अर्धी बादली उचलायला लावून मोबाइलवर चित्रीकरण केले, आणि त्या चोवीस चित्रांचे प्रिंट घेऊन गेले, कारण सरांना पडद्यापेक्षा कागदावर सांगणे सोपे जाते. त्यांनी पाच-पाच कागद डाव्या हाताच्या बोटांत धरले आणि उलटसुलट फिरवून पाहिले. पेग बारवर, म्हणजे कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर, कागद लावून अशी फिरवाफिरव करण्याबद्दल मी वाचले होते, पण एखाद्याच्या बोटांत कागद असे जिवंत होताना पहिल्यांदाच पाहिले. मग त्यांनी एकेक कागद उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. चोवीसपैकी अकरा गेले. उरलेल्या तेरांपैकी आठ जमीन ते मांडी, म्हणजे सोळा फ्रेम, आणि शेवटची चित्रे एकमेकांच्या अगदी जवळ. मांडीवरचे एक चित्र बारा फ्रेम, जवळजवळ थांबलेले. मांडी ते डोके फक्त चार चित्रे, आठ फ्रेम, एकमेकांपासून लांब लांब. बाजूला ठेवलेल्यांत पदराची माझी लाडकी चित्रेही होती. उरलेल्या बारा फ्रेममध्ये काय हवे ते त्यांनी काढून दाखवले नाही. हंडा टेकल्यावर मान खाली दबते की नाही, आणि मोकळा झालेला हात लगेच खाली येतो की तोल सापडेपर्यंत हवेत राहतो, हे आईला विचारून ये, असे सांगितले. आईने विचारण्याआधीच उत्तर दिले : ‘‘हात सोडायचा नसतो गं, बोटं कडेवर राहतात, हंडा गप्प झाला की मग सोडायचा.’’ ‘हंडा गप्प होणे’ हा शब्द मला कुठल्याही कोर्समध्ये मिळाला नसता. तो मी सहा नव्या चित्रांत बसवला.

फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोघांनी १९८१ मध्ये मांडलेली ॲनिमेशनची बारा तत्त्वे मला पाठ होती. पूर्वतयारी, टायमिंग, हालचालीचा हळूहळू सुटणारा आणि हळूहळू थांबणारा वेग ही सगळी नावे मी मुलाखतीत घडाघडा सांगू शकत होते. हंडा तरीही लिफ्टने जात होता. सॉफ्टवेअरमधला वेग मऊ करणारा पर्याय मी प्रत्येक हालचालीला सारखाच लावत होते, आणि सगळेच मऊ झाले की वजन उरत नाही. हे वाक्य लिहायला सोपे आहे. माझ्या डोक्यात ते शिरायला मात्र जार उचलावा लागला.

आता तक्रारी. साडेतीनचे सत्र नेहमी उशिरा सुरू होते, कारण दुपारचे स्टुडिओ-दर्शन लांबते, आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचीच नमुना-कामांची रील पुन्हा दाखवली जाते. चालू प्रकल्पातले काही दाखवायला गोपनीयतेच्या करारामुळे बंदी असते हे मान्य, पण मग कमी वेळ घ्यावा. नोकरदार ॲनिमेटरही याच कारणाने ऑफिसचे काम आणू शकत नाहीत. ज्यांचे स्वतःचे काही चालू नसते ते रिकाम्या हाताने येतात आणि दुसऱ्यांच्या शॉटवर बोलून जातात. फेब्रुवारीत एका स्टुडिओचा प्रतिनिधी येऊन निवड चाचणी म्हणून बारा सेकंदांचा शॉट विनामोबदला करायला सांगून गेला. आमच्यातल्या दोन नवख्यांनी तीन आठवडे राबून तो केला आणि त्यांना पोचदेखील मिळाली नाही. त्यावर गटात मोठा वाद झाला, आणि आता तीन सेकंदांपेक्षा लांब बिनपैशाची चाचणी व्यासपीठावरून जाहीर करायची नाही असा नियम झाला आहे. नियम चांगला आहे, पण तो आधीच असायला हवा होता.

ऑनलाइन सत्रांचा दोष तांत्रिक आहे आणि तो लक्षात यायला आम्हाला दोन महिने लागले. स्क्रीन शेअर करताना फ्रेम गळतात. चोवीसचा शॉट समोरच्याला अडखळत, कधी बारा-पंधरा फ्रेमनी दिसतो, आणि टायमिंगवर दिलेला सल्ला सरळसरळ चुकीचा ठरतो. एकदा माझ्या शॉटला ‘धक्के बसतायत’ असे ऐकून मी एक आख्खी रात्र दुरुस्तीत घालवली होती. आता फाइल आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवायची आणि ज्याने त्याने आपल्या संगणकावर चालवून मग बोलायचे असे ठरले आहे. अशा कुठल्याही गटात असाल तर हे आधी विचारून घ्या.

भाषेचेही एक निरीक्षण. व्याख्याने इंग्रजीत होतात, आणि नाशिक-सोलापूरकडून आलेली मुले प्रश्न न विचारता बसून राहतात. ‘काम दाखवा’ सुरू झाले की मराठी-हिंदी आपोआप येते. ‘पाय घसरतोय’, ‘तरंगतंय’, ‘मान रबराची झाली’ असे शब्द एकदा ऐकले की चूक डोळ्यांना दिसायलाच लागते, आणि हीच मुले तेव्हा सर्वांत जास्त बोलतात.

मुंबईत माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून होतो. तिथे चित्रपट पाहायला जरूर जावे, पण तो दोन वर्षांनी एकदा येतो आणि तिथे तुमचा अर्धवट शॉट कुणी पाहणार नाही. मोठ्या सोहळ्यांत ओळखी होतात, नोकरीची विचारपूस होते. ज्यांना तेच हवे आहे त्यांनी अशा लहान भेटीत शनिवार घालवू नये. ज्याच्याजवळ दाखवण्यासारखे काही नाही त्यानेही दोन-तीनदाच यावे, ऐकावे आणि मग चार सेकंदांचा का होईना, पण शॉट घेऊन यावे. चार सेकंद पुरतात. माझा हंड्याचा शॉट सात भेटींत आठ वेळा बदलला, आणि मेमध्ये सरांनी तो पाहून काहीही न बोलता पुढच्याचे नाव पुकारले, तेव्हा शेजारच्याने मला कोपराने ढोसले.

जूनच्या सत्रासाठी मी नाव दिले आहे. शॉट आहे पाट्यावर मिरची वाटण्याचा. आईचे चित्रीकरण झाले आहे. या वेळी वरवंटा नेमका कुठे थांबतो ते मोजूनच पहिले चित्र काढले आहे, आणि पदर खोचून टाकला आहे.