पाचवीनंतर रोजची एसटी की निवासी शाळा?

पाड्यावरची शाळा पाचवीला संपली की घरोघरी हाच खल: मूल रोज एसटीने हायस्कुलात पाठवायचं की सहावीपासून निवासी शाळेत घालायचं?

ये-जा करण्यात सोय आहे. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, मुलांना एक तृतीयांश भाड्यात. मूल डोळ्यांसमोर राहतं, भातलावणीला हाताशीही येतं (उघड कुणी बोलत नाही, पण हिशोबात धरतात).

घोडं अडतं संध्याकाळच्या गाडीवर. सकाळची मुक्कामी असते, म्हणून सहसा चुकत नाही. डेपोत गाडी कमी पडली की पहिली रद्द होते ती आडवळणाची परतीची फेरी. वडापला (भाड्याच्या जीपला) पास चालत नाही, शिवाय ते भरल्याशिवाय हलत नाही. पावसात ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी गेलं की गाडी फाट्यावरूनच वळते. मग पोरं शेवटचे तास बुडवून आधीची गाडी धरतात. हजेरी सकाळीच लागलेली, त्यामुळे हे बुडणं कुणाच्या डोळ्यावर येत नाही. नववीच्या गणितात उघडं पडतं. मुलीला दोनदा अंधार झाला तर घरचेच म्हणतात, बस झाली शाळा. आमच्या घरी निवासीकडे पारडं झुकलं ते एवढ्यावरच.

नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची सहावीची प्रवेशपरीक्षा एकदाच देता येते, आणि पाचवी त्याच जिल्ह्यात हवी. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. निम्मे गुण बुद्धिमत्तेचे. आकृत्या पोरांना जमतात, चुकतात ते उत्तराचे गोल भरताना. तो सराव घरी करून घ्या. आदिवासी मुलांनी एकलव्य या त्यांच्यासाठीच्या निवासी शाळेचा अर्जही भरावा, त्याची परीक्षा वेगळी. जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. दोन्हीकडे हुकलं तर आश्रमशाळा आहेच, पण ती निवडण्याआधी गणित-विज्ञानाचे शिक्षक आहेत का, एवढं तिथल्या पोरांना विचारा.

पाड्यावर आईबापांना नोकरी म्हणजे गुरुजी, नर्सबाई, गार्ड, कंडक्टर. जे दिसतात तेच मुलासाठी मागतात. निवासीत वरच्या वर्गातली पोरं पॉलिटेक्निकच्या, ‘नीट’ या डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या गोष्टी करतात आणि सुट्टीत ते शब्द घरी पोचतात.

त्रास तिथेही आहेच. खरूज झाली तर एकट्याला मलम लावून भागत नाही. खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी लावून कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवावं लागतं, नाहीतर ती परत येते. खरी गळती मात्र पहिल्या दिवाळीला. सुट्टी संपेल त्याच दिवशी स्वतः पोचवून या. ‘आठवड्याने पाठवू’ म्हटलेली पोरं बहुतेक घरीच राहतात.